जॉन जेकब

जॉन जेकब (११ जानेवारी, इ.स. १८१२ - डिसेंबर, इ.स. १८५८) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील तोफखान्याचा अधिकारी, सिंध इर्रेग्युलर हॉर्स या घोडदळाचा सेनापती आणि उत्तर सिंध सरहद्दीचा प्रशासक होता. आजच्या पाकिस्तानातील जेकबाबाद हे शहर त्याने वसवले व ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. ठासणीच्या रायफलीची नळी, तिची गोळी आणि ती गोळी ओतण्याचा साचा यांवर त्याने केलेले काम शस्त्रविद्येच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. गोळीचे बूड पोकळ न करता, साच्यातच फेरफार करून ती नळीत घट्ट बसवण्याची त्याची पद्धत समकालीन लष्करी मतापेक्षा वेगळी होती. त्याच्या हयातीत सरकारने ती मनापासून स्वीकारली नाही.

घराणे व बालपण

जेकबचा जन्म इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील वुलव्हिंग्टन या खेड्यात झाला. वडील स्टीफन लाँग जेकब हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. घरात मुले पुष्कळ आणि उत्पन्न बेताचे, त्यामुळे मुलांना कंपनीच्या नोकरीत धाडणे हा त्या काळच्या अशा कुटुंबांचा ठरलेला मार्ग होता. जॉनचे शिक्षण ॲडिसकोम येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात झाले. तोफखाना व अभियांत्रिकीसाठी निवडलेल्या मुलांना तेथे गणित, रेखाटन आणि यंत्रशास्त्र कसून शिकवले जाई. वयाची सोळा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ११ जानेवारी १८२८ रोजी, त्याला मुंबई तोफखान्यात सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली. त्याच वर्षी तो हिंदुस्थानात आला. त्यानंतर तीस वर्षांत तो एकदाही मायदेशी परतला नाही.

त्याचा धाकटा भाऊ विल्यम स्टीफन जेकब हाही ॲडिसकोममध्ये शिकून मुंबई इंजिनियर्समध्ये दाखल झाला. विल्यमचा ओढा आकाशाकडे होता. १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांची निरीक्षणे केली. पुढे १८४८ पासून सुमारे दहा वर्षे तो मद्रास वेधशाळेचा संचालक होता. एक भाऊ पुण्याच्या आकाशातील ताऱ्यांची अंतरे मोजत होता, तर दुसरा सिंधच्या वाळवंटात गोळीच्या उड्डाणाची मोजमापे घेत होता. दोघांची विद्या एकाच शाळेतील होती. कोल्हापूरच्या इतिहासात ज्याचे नाव येते तो जॉर्ज ले ग्रँड जेकब हाही याच घराण्यातला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, तेव्हा तो मोडून काढण्यासाठी मुंबई सरकारने त्यालाच पाठवले होते. मराठी ग्रंथांत कधी कधी या तिघांची गल्लत होते, म्हणून हा खुलासा.

सिंधमधील आगमन

पहिली काही वर्षे जेकबने पलटणीत आणि गुजरातेत मुलकी कामावर काढली. १८३८ साली कंपनीने अफगाणिस्तानवर स्वारी केली आणि मुंबईहून सर जॉन कीन याच्या हाताखाली निघालेल्या फौजेबरोबर जेकब सिंधमध्ये उतरला. १८३९ च्या उन्हाळ्यात मेजर बिलामोर याच्या नेतृत्वाखाली कच्छी प्रदेशाच्या डोंगरांतील टोळ्यांवर मोहीम निघाली. तिच्या तोफा जेकबच्या ताब्यात होत्या. ज्या वाटांनी तोवर चाकाची गाडी गेली नव्हती, तेथून त्याने तोफा नेल्या. सिंधचा उन्हाळा असा की त्या ऋतूत शत्रूच्या हत्यारांपेक्षा उष्माघातानेच अधिक माणसे दगावत.

याच काळात त्याची गाठ जेम्स औट्रम याच्याशी पडली. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा आणि धरणगावच्या परिसरात बरीच वर्षे काढलेला हा अधिकारी तेव्हा सिंधमध्ये पोलिटिकल एजंट होता. माणूस ओळखण्यात तो तरबेज होता. १८४१ च्या अखेरीस औट्रमने जेकबला सिंध इर्रेग्युलर हॉर्सचे नेतृत्व दिले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

१७ फेब्रुवारी १८४३ रोजी मियानी येथे आणि २४ मार्च रोजी हैदराबादजवळ (सिंध) झालेल्या लढायांत सर चार्ल्स नेपियरने तालपूर मीरांचा पराभव केला. दोन्ही लढायांत जेकबचे स्वार होते, तसेच पुण्याचे पूना इर्रेग्युलर हॉर्सही होते. जूनमध्ये शहदादपूरजवळ जेकबने मीर शेर महंमदच्या उरल्यासुरल्या फौजेची दाणादाण उडवली आणि सिंधमधील युद्ध संपले. पराक्रमाबद्दल नाव झाले, तरी सिंध घेण्याचे कृत्य न्यायाचे नव्हते असे जेकबचे मत होते. त्या प्रश्नावर औट्रम आणि नेपियर यांच्यात जे प्रदीर्घ वितुष्ट आले, त्यात त्याने उघडपणे औट्रमची बाजू घेतली. ज्या विजयात स्वतःचा वाटा, त्याच विजयाला अन्याय म्हणण्याची ही भूमिका त्याला बढतीच्या दृष्टीने महाग पडली. मात्र सिंध मीरांना परत द्यावा म्हणून त्याने नोकरी सोडली नाही, हेही तितकेच खरे.

खानगढचे जेकबाबाद

जानेवारी १८४७ मध्ये उत्तर सिंध सरहद्दीची जबाबदारी जेकबकडे आली. त्याच वर्षी सिंध प्रांत मुंबई इलाख्याला जोडला गेला. सरहद्दीवर खानगढ नावाची एक लहानशी गढी होती. भोवती पाणी नाही, झाड नाही आणि बुगटी, डोंबकी, जखरानी टोळ्यांच्या धाडींमुळे शेतीही नाही. आधीच्या अधिकाऱ्यांनी सैनिकांना गढ्यांच्या भिंतींआड ठेवले होते. जेकबने ती पद्धत मोडली. त्याने स्वारांना उघड्यावर आणले, रात्रंदिवस गस्ती सुरू केल्या आणि धाड पडल्यावर पाठलाग करण्याऐवजी धाड निघण्याआधीच वाट अडवण्याचा शिरस्ता घातला. सरकारी नोकरीत नसलेल्या कोणालाही परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास त्याने मनाई केली. हा नियम टोळीवाल्यांना होता तसाच कंपनीच्या रयतेलाही होता. सूड उगवण्याचा जुना रिवाज हे गुन्ह्याचे निमित्त म्हणून त्याने कधीच मान्य केले नाही.

त्याबरोबरच कालवे आणि रस्ते झाले. सिंधू नदीचे पाणी आणणारा जुना बेगारी कालवा त्याने रुंद केला व लांबवला, रस्ते आखले, झाडे लावली. ओसाड पडलेली गावे पुन्हा वसू लागली. खानगढच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या गावाला १८५१ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या संमतीने जेकबाबाद हे नाव मिळाले. १८५४ साली कलातच्या खानाशी कंपनीचा जो तह झाला, तोही जेकबच्याच हस्ते. पुढे क्वेट्टा येथे फौज ठेवावी अशी त्याने केलेली सूचना त्या वेळी फेटाळली गेली. त्याच्या मृत्यूनंतर दोन दशकांच्या आतच इंग्रजांनी ती अमलात आणली.

जेकबाबादमधील त्याचे घर प्रचंड होते. त्यात मोठे ग्रंथालय होते आणि लोहार-सुतारकामाची कर्मशाळाही होती. तेथे त्याने स्वतः बनवलेले एक मोठे घड्याळ नंतरच्या काळातही दाखवले जाई. तो अविवाहित होता. दिवसभराचे सरकारी काम आटोपल्यावर उरलेला वेळ या कर्मशाळेत आणि गोळीबाराच्या मैदानावर जाई.

शिलेदारी पद्धत

सिंध इर्रेग्युलर हॉर्स हे शिलेदारी पद्धतीचे घोडदळ होते. मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार, आणि ज्याला ते सरकारातून मिळे तो बारगीर. मराठेशाहीतील हीच व्यवस्था कंपनीच्या बिनकवायती घोडदळाने उचलली व शब्दही तसाच ठेवला. शिलेदाराला पगार अधिक मिळे, परंतु घोडा, दाणावैरण आणि सामान यांचा भार त्याच्यावरच असे. १८४६ साली दुसरी पलटण उभी राहिली व दोन्ही जेकबच्या हाताखाली आल्या. इतक्या स्वारांवर इंग्रज अधिकारी अगदी मोजके होते, कारण देशी सरदारांवर जबाबदारी टाकली तर ती पेलली जाते असा त्याचा अनुभव होता.

बंगाल लष्कराच्या व्यवस्थेवर त्याने याच अनुभवाच्या बळावर कडक टीका केली. ज्येष्ठतेनेच बढती, हाताखालच्या अधिकाऱ्याला अधिकार नाही आणि शिस्तीपेक्षा जातीचा मान मोठा, अशा फौजेवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, असे तो १८५७ च्या आधीपासून लिहीत होता. सरकारने या लेखनाबद्दल त्याला समज दिली. त्याचे लेख व टिपणे त्याचा सहकारी लुईस पेली याने संपादित करून १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

रायफल, गोळी आणि साचा

जेकबच्या काळात कंपनीच्या बहुसंख्य पायदळाकडे गुळगुळीत नळीची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, वर शिशाची गोल गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे, म्हणून ती चटकन आत जाई. त्याच कारणाने ती सुटताना नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शंभर पावलांपुढे तिचा भरवसा नसे. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. गोळी त्यांत अडकून फिरत बाहेर पडली म्हणजे तिचा मार्ग सरळ राहतो. येथेच अडचण होती. गोळी तोंडाकडून सहज आत जावी इतकी सैल हवी आणि बाहेर पडताना खाचांना धरून राहील इतकी घट्टही हवी. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ कसा घालायचा, यावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील बहुतेक बंदूककार डोके खपवत होते.

१८३० च्या दशकात ब्रिटिश लष्कराने ब्रन्सविक रायफल स्वीकारली. तिच्या नळीत समोरासमोर दोनच खोल खाचा होत्या आणि गोल गोळीभोवती साच्यातच एक पट्टा उठवलेला असे. पट्टा खाचांत बसवून गोळी ठासायची. कल्पना चांगली होती, पण दोन-चार बार होताच दारूची काजळी खाचांत साठे आणि गोळी आत ढकलणे जिकिरीचे होई. पट्ट्यामुळे गोळीचे उड्डाणही बिघडे. मुंबई लष्करातील रायफल कंपन्यांनाही हीच बंदूक मिळाली होती. तरुणपणापासून शिकारीच्या व नेमबाजीच्या बंदुकांवर प्रयोग करणाऱ्या जेकबने दोनऐवजी चार खाचा करून पाहिल्या. गोळीला नळीच्या मध्यभागी चारही बाजूंनी आधार मिळाला आणि नेम लक्षणीय सुधारला. १८४० च्या दशकात त्याने हा नमुना सरकारपुढे ठेवला. जी दोन खाचांची रायफल राणीच्या फौजेला पुरेशी आहे ती कंपनीच्या फौजेलाही पुरेशी समजावी, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. नमुन्याची परीक्षा घेऊन तो नाकारला असता तर ती गोष्ट वेगळी होती. येथे परीक्षाच टाळली गेली.

दरम्यान गोळीचा गोल आकार मागे पडला होता. कॅप्टन जॉन नॉर्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पोकळ बुडाच्या लांबट गोळीची कल्पना मांडली. फ्रान्समध्ये मिनिए याने १८४९ साली तिला व्यवहार्य रूप दिले. मिनिएच्या गोळीचे बूड पोकळ असून त्यात लोखंडी वाटी बसवलेली होती. दारू पेटली की वाटी पुढे रेटली जाई, मऊ शिशाचा घेर फुगे आणि खाचांत घट्ट बसे. इंग्लंडने १८५३ साली स्वीकारलेल्या एनफिल्ड रायफलीचे तत्त्व हेच होते. तिच्या नळीचा व्यास सुमारे १४.७ मिलिमीटर व खाचा तीन. तिच्या गोळीचे पोकळ बूड आरंभी तसेच ठेवलेले होते, पुढे त्यात लाकडी गुडदी घालण्यात आली. सैनिकाच्या दृष्टीने ही गोळी सोयीची होती. ती कशीही फिरवून टाकली तरी नळीत जाई, आणि घट्ट बसण्याचे काम दारूच करी.

जेकबने दुसरी वाट धरली. त्याने गोळीचे बूड सपाट आणि भरीव ठेवले. नळीच्या चार खाचांत बसतील असे चार उभार कंगोरे त्याने गोळीच्या अंगावरच आणले, म्हणजे गोळीच्या साच्यात तशा चार खोबणी कोरल्या. गोळी फुगण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ती ओतली जाई तेव्हाच तिच्यात नळीचा नमुना उतरलेला असे.

वरवर पाहता हा बदल लहान आहे, पण त्याचे परिणाम दूरवरचे होते. गोळीचा साचा चिमट्यासारख्या दोन पल्ल्यांचा असतो. पल्ले मिटून वितळलेले शिसे ओततात, ते गोठले की पल्ले उघडून गोळी पाडतात. पोकळ बुडाची गोळी ओतायची तर या दोन पल्ल्यांखेरीज बुडाकडून आत शिरणारा एक खुंटा लागतो. तो नेमका मध्यावर नसेल तर पोकळीची एक बाजू जाड व दुसरी पातळ होते आणि गोळी सुटताच वाकडी जाते. म्हणूनच एनफिल्डच्या गोळ्या मोठ्या कारखान्यांत यंत्राने दाबून बनवल्या जात. सपाट बुडाच्या गोळीला खुंट्याची गरज नसते. चार कंगोऱ्यांची मांडणीही साच्याला अनुकूल होती. दोन कंगोरे पल्ल्यांच्या सांध्यावर आणि उरलेले दोन प्रत्येक पल्ल्याच्या बरोबर मध्यावर धरले, तर पल्ले उघडताना गोळी कोठेही अडकत नाही. कारखान्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या पलटणीला हाती साचा, शेगडी आणि शिसे यांवर आपला दारूगोळा तयार करता येणे ही सरहद्दीवर मोठी गोष्ट होती.

भरीव बुडाचा आणखी एक फायदा होता. पोकळ गोळीचा पातळ घेर दारूचे प्रमाण वाढवले तर फाटण्याची भीती असते. जेकबला लांब पल्ल्यासाठी दारू वाढवायची होती आणि त्याची गोळी तो जोर सोसत होती. पुढे एक वेगळीच अडचण आली. जोर फार वाढला तेव्हा बूड टिकले, पण शिशाचे मऊ टोक दबून बेडौल होऊ लागले. त्यावर त्याने गोळीचा पुढचा भाग जस्ताचा आणि मागचा शिशाचा, असा मेळ घातला. जस्त शिशापेक्षा कठीण व हलके असते. टोकाचा आकार कायम राहिला आणि पल्ला वाढला.

त्याच्या अंतिम नमुन्याची रायफल दुनळी होती. नळ्या आखूड, सुमारे २४ इंच लांबीच्या, चार खोल खाचांच्या आणि ३२ बोअरच्या होत्या. बोअर हे माप जुन्या पद्धतीचे आहे. नळीत नेमकी बसेल अशा मापाच्या, एक पौंड शिशापासून जितक्या गोल गोळ्या होतील तितक्या बोअरची ती नळी. ३२ बोअर म्हणजे साधारण १३.४ मिलिमीटर व्यास. गोळीची लांबी व्यासाच्या अडीच पट असल्यामुळे तिचे वजन त्याच व्यासाच्या गोल गोळीच्या दुपटीहून अधिक भरे. रायफलीवर २,००० यार्डांपर्यंतच्या, म्हणजे १,८०० मीटरांहून अधिक अंतराच्या खुणा असलेली दर्शनपट्टी होती. संगिनीच्या जागी तलवारीसारखे लांब पाते बसवता येई. जेकबाबादभोवतालचे सपाट वाळवंट अशा चाचण्यांना सोयीचे होते, कारण गोळी कोठे पडली ते उडणाऱ्या धुळीवरून दुरून कळे.

याच गोळीचा एक प्रकार स्फोटक होता. गोळीच्या पुढील भागात पोकळी ठेवून तीत स्फोटक भरलेली तांब्याची लहान नळी बसवली जाई व गोळी आदळताच तिचा स्फोट होई. शत्रूच्या तोफखान्याच्या दारूच्या गाड्या दुरूनच उडवून द्याव्यात हा जेकबचा हेतू होता. तोफखान्यात वाढलेल्या माणसाला तोफेचे मर्मस्थान ठाऊक होते. १८५६ च्या सुमारास कराची येथे अधिकाऱ्यांच्या समितीसमोर या रायफलीच्या व गोळ्यांच्या चाचण्या झाल्या आणि दारूच्या पेट्या लांबवरून उडवून दाखवण्यात आल्या. उत्तम रायफली असलेले मोजके नेमबाज समोरच्या तोफखान्याला निकामी करू शकतील, असे मत जेकबने आपल्या पुस्तिकेत मांडले. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने तोफखान्याविरुद्ध दिलेली ही साक्ष होती.

त्याच्या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. गोळीचे कंगोरे नळीच्या खाचांत नेमके बसवूनच ती ठासावी लागे. धांदलीत, अंधारात किंवा नळी काजळीने भरल्यावर हे काम एनफिल्डपेक्षा अवघड होते. दुनळी बंदूक महाग होती आणि हजारो शिपायांसाठी ती बनवणे सरकारला परवडणारे नव्हते. नेमबाजाला जी गोळी उत्तम ती रांगेतील शिपायाला उत्तम असेलच असे नाही, ही बाजू जेकबने पुरेशी विचारात घेतली होती असे दिसत नाही. तरीही लांब पल्ल्याच्या अचूकतेत त्याची रायफल समकालीन लष्करी बंदुकांच्या पुढे होती. या प्रयोगांचा बराच खर्च त्याने स्वतःच्या पदरचा केला.

इराणची मोहीम आणि १८५७

१८५६-५७ च्या इराणविरुद्धच्या युद्धात औट्रमच्या विनंतीवरून जेकबला घोडदळाचे नेतृत्व देण्यात आले. तह झाल्यावर औट्रम परतला, पण बुशहर येथील फौजेची व्यवस्था लावण्यासाठी जेकबला तेथेच थांबावे लागले. तो मुंबईला पोहोचेपर्यंत १८५७ चा ऑक्टोबर उजाडला होता आणि उत्तर हिंदुस्थानात उठावाने पेट घेतला होता. ज्या बंगाल लष्कराबद्दल त्याने इशारे दिले होते तेच उठले. ठिणगी पडली ती एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून. जेकबच्या मते मात्र काडतूस हे निमित्त होते आणि खरे कारण लष्कराच्या व्यवस्थेत होते. परकी सत्तेबद्दलचा असंतोष हेही एक कारण असू शकते, याचा त्याने फारसा विचार केला नाही. हिंदुस्थानी शिपायाबद्दल त्याला आदर होता, पण इंग्रजी राज्याच्या हक्काबद्दल शंका नव्हती. सिंधच्या मीरांविषयी त्याने दाखवलेली न्यायबुद्धी येथे दिसत नाही.

मध्य हिंदुस्थानात पाठवायच्या फौजेचे नेतृत्व जेकबकडे देण्याचा विचार झाला होता. इराणात अडकून पडल्यामुळे तो वेळेवर उपलब्ध झाला नाही व ते काम सर ह्यू रोझ याच्याकडे गेले. झाशी आणि काल्पी येथे राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्यासमोर रोझ उभा राहिला तो अशा योगायोगाने. जेकब सिंधला परतला. कोल्हापूरचे राजबंधू चिमासाहेब यांना उठावातील सहभागाच्या आरोपावरून इंग्रजांनी कराचीत नेऊन ठेवले, तो प्रांतही हाच. चिमासाहेबांचा तेथेच १८६९ साली अंत झाला.

१८५८ साली जेकबला आपल्या रायफलीने सज्ज अशी पायदळाची पलटण उभारण्याची परवानगी मिळाली. ती जेकब्ज रायफल्स या नावाने ओळखली गेली. तिच्यासाठी बर्मिंगहॅमच्या स्विनबर्न अँड सन या कारखान्याकडून दुनळी रायफली बनवून घेण्यात आल्या. पाव शतकाचे काम अखेर प्रत्यक्षात येत होते.

मृत्यू

डिसेंबर १८५८ मध्ये जेकबाबाद येथे मेंदूच्या तापाने जेकबचे निधन झाले. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्ययात्रेला सरहद्दीवरचे हजारो लोक जमले होते आणि त्यांत ज्यांच्याशी तो लढला त्या टोळ्यांचेही लोक होते. त्याला तेथेच पुरण्यात आले. पुढे त्याच्या कबरीवर दिवा लावण्याचा प्रघात आसपासच्या लोकांत पडला.

नंतरचा इतिहास

स्विनबर्नच्या रायफली पलटणीच्या हाती पडल्या तेव्हा त्यांचा कर्ता हयात नव्हता. त्याच्यामागे या शस्त्राचा आग्रह धरणारे कोणी उरले नाही. शिवाय काळही बदलत होता. १८६० च्या दशकात मागून भरायच्या बंदुका आल्या. गोळी तोंडाकडून आत घालायचीच नाही म्हटल्यावर ती नळीपेक्षा किंचित मोठी करता येऊ लागली. सुटताना ती स्वतःच खाचांत दाबली जाई. कंगोऱ्यांची गरज संपली. पोकळ बूड, वाटी आणि गुडदी हे उपायही काही वर्षांतच मागे पडले. गोळीचे सपाट, भरीव बूड मात्र लांब पल्ल्याच्या नेमबाजीत टिकून राहिले. शिशाच्या गोळ्या हाताने ओतणारे हौशी नेमबाज आजही जे साचे वापरतात, त्यांत साध्या बुडाचे साचे मोठ्या संख्येने असतात. पोकळ बुडाच्या साच्यातील खुंट्याची कटकट नको, हे त्यांचे कारण जेकबच्या पद्धतीलाही लागू पडणारे आहे.

स्फोटक गोळीची हकीकत वेगळी झाली. हिंदुस्थानातील आणि आफ्रिकेतील इंग्रज शिकाऱ्यांनी मोठ्या जनावरांसाठी ती काही वर्षे वापरली. दारूच्या गाड्यांसाठी काढलेली गोळी माणसांवरही चालवली जाईल ही भीती युरोपातील सरकारांना वाटू लागली. १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनेक राष्ट्रांनी मिळून जाहीरनामा काढला व ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक गोळी युद्धात वापरण्यास बंदी घातली. ब्रिटननेही त्यावर सही केली. जेकबची गोळी या बंदीच्या कक्षेत येत होती. युद्धात विशिष्ट शस्त्र वापरू नये असे ठरवणाऱ्या आधुनिक आंतरराष्ट्रीय करारांत हा जाहीरनामा अगदी आरंभीचा मानतात.

धाकटा भाऊ विल्यम याने पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्याची योजना आखली होती व तिच्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटकडून पैसाही मंजूर करून घेतला होता. त्यासाठी तो १८६२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस उतरला. काम सुरू होण्याआधीच, १६ ऑगस्ट १८६२ रोजी, पुण्यात त्याचा मृत्यू झाला.

सिंध इर्रेग्युलर हॉर्सच्या पलटणींपैकी एकीला पुढे जेकब्ज हॉर्स हे नाव मिळाले. १९२१ साली ती व सिंध हॉर्स यांचे एकत्रीकरण झाले. फाळणीनंतर हे घोडदळ भारताच्या वाट्याला आले आणि आज ते भारतीय सैन्याच्या चिलखती दलात सिंध हॉर्स या नावाने आहे. जेकब्ज रायफल्स ही पलटण बलुच पायदळात सामील झाली होती, ती पाकिस्तानकडे गेली.